धाव, टायर आणि काळी माती : लोहारा परिसरातील चाकाच्या पकडीचा इतिहास

चाकाचा पृष्ठभाग गुळगुळीत असावा की खाचा पाडलेला असावा, हा प्रश्न आज मुख्यतः मोटारसायकलींच्या क्रीडाप्रकारांत चर्चिला जातो. ‘ट्रायल्स’ या प्रकारात स्पर्धकाला वेग दाखवायचा नसतो, तर जमिनीला पाय न टेकवता खडक, ओढे, चिखल आणि चढ पार करायचे असतात, आणि त्यामुळे टायरची निवड तेथे निर्णायक ठरते. मात्र हा प्रश्न खेळाच्या मैदानावर जन्मलेला नाही. जेथे जेथे अवघड जमिनीवरून ओझे न्यावे लागले, तेथे तेथे तो आधीच उभा राहिला होता. धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातील लोहारा आणि त्याच्या भोवतालच्या शिवाराचा वाहतुकीचा इतिहास या दृष्टीने तपासला, तर असे दिसते की चाकाला नक्षी हवी की नको याचा निर्णय येथे दोन गोष्टींनी केला: चाक स्वतः ओढते की मागून ओढले जाते ही पहिली, आणि त्याखालची माती त्या महिन्यात कोणत्या अवस्थेत असते ही दुसरी.

लोहारा पूर्वी उमरगा तालुक्यात मोडत असे. सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा या मार्गाने हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या उत्तरेला हा मुलूख पसरलेला आहे. दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली काळी माती हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य असले, तरी सगळी जमीन एकसारखी नाही. ओढ्यांच्या काठी खोल काळी जमीन, तिच्या वर उथळ मध्यम जमीन आणि त्याहून वर मुरमाड माळ, अशी उतरंड थोड्याच अंतरात आढळते, आणि एकाच गाडीला एकाच फेरीत या तिन्ही थरांवरून जावे लागते. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात. म्हणून वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तर आषाढात तीच माती चाकाला, खुराला आणि वहाणेला थरावर थर चिकटत राहते. या दोन टोकांच्या मधल्या, ओल आहे पण चिकटपणा नाही अशा अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात. पेरणीचा आणि कुळवणीचा हिशेब वाफशावर चालतो हे सर्वश्रुत आहे, पण गाडीचा हिशेबही त्याच्यावरच चालत असे, याची नोंद वाहतुकीच्या इतिहासात फारशी घेतली गेलेली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या भागातील दूरच्या मालवाहतुकीचा मोठा हिस्सा चाकांवर नव्हताच. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ नेत असत, कारण चिकट जमिनीत चार खुरांवरचे ओझे बाहेर निघते आणि दोन चाकांवरचे रुतते. ज्या गाड्या होत्या त्या जड, बुटक्या आणि भरीव चाकांच्या होत्या. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांचे वर्णन ओबडधोबड असे केले आणि त्यामागे शेतकऱ्याचे अज्ञान पाहिले. परंतु हा निवाडा एकांगी आहे. जेथे रस्ताच नाही, वेग लागत नाही आणि मोडलेले चाक गावातल्या सुताराने वाकसाने दुरुस्त करायचे आहे, तेथे भरीव चाक हा विचारपूर्वक स्वीकारलेला पर्याय ठरतो. बदल झाला तो शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात. जमीन मोजणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने टेंभुर्णी येथे आऱ्यांच्या चाकांची हलकी गाडी बनवण्याचा कारखाना निघाला आणि तेथील नमुना दख्खनमध्ये पसरत गेला. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापुरास पोहोचली, तेव्हा स्थानकापर्यंत माल आणणाऱ्या गाड्यांची गरज एकाएकी वाढली. पुढे बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मार्गाची गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत धावू लागली. लोहारा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तरी त्याच्या ज्वारीच्या, हरभऱ्याच्या आणि तेलबियांच्या गाड्यांना या रेल्वेमार्गांनी दिशा दिली.

ही नवी गाडी बलुतेदारीच्या चौकटीत सहज सामावली. चाक सुताराचे आणि त्यावरचे लोखंड लोहाराचे, असा कामाचा वाटा होता. मधला भरीव लाकडी गड्डू म्हणजे तुंबा. त्यातून निघणारे दांडे म्हणजे आरे. आऱ्यांच्या टोकांवर बसणारे वक्र लाकडी तुकडे म्हणजे पुठ्ठे. आणि पुठ्ठ्यांचे वर्तुळ आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. लाकूड बहुधा बाभळीचे असे, कारण ते चिवट असते आणि या कोरड्या मुलखात तेच हाताशी असते. धाव बसवण्याचे काम कौशल्याचे होते. लोखंडी कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान बनवत, गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगीत ते लाल होईपर्यंत तापवत, तापून मोठे झाले की सांडशींनी उचलून चाकावर उतरवत आणि लाकूड पेट घेण्यापूर्वी त्यावर पाणी ओतत. थंड होताना कडे आकसे आणि त्या आवळण्याने आरे तुंब्यात व पुठ्ठ्यांत घट्ट बसत. कड्याचा घेर थोडा मोठा राहिला तर धाव उन्हाळ्यात निसटे, फार लहान झाला तर पुठ्ठे फाटत. हे माप लोहार आणि गावोगाव फिरणारे घिसाडी मुख्यतः नजरेने आणि सरावाने साधत असत. पाठ्यपुस्तकांत उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचे उदाहरण म्हणून या कृतीला एक ओळ मिळते, पण ती पिढ्यान्‌पिढ्या अचूकपणे पार पाडणाऱ्या कारागिरांना त्या ओळीत जागा मिळत नाही.

या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की धाव नेहमीच गुळगुळीत असे. लोहाराला तिच्यावर आडव्या खाचा पाडणे अशक्य नव्हते. नांगराचे फाळ आणि कोळप्याची पात घडवणाऱ्या हाताला ते काम किरकोळ होते. तरीही कोणी तसे केले नाही, कारण बैलगाडीचे चाक गाडीला ओढत नाही, ते केवळ फिरत राहून ओझे पेलते. ओढणारी शक्ती बैलाच्या खांद्यातून जुवाला मिळते आणि जमिनीची पकड त्याच्या खुरांना लागते. फिरत्या चाकावर उंचवटे काढले असते तर प्रत्येक उंचवटा मातीत घुसवण्याचा आणि बाहेर काढण्याचा भार बैलावर पडला असता, आणि मधल्या खाचांत चिकटलेली काळी माती गाडीने फुकट वाहून नेली असती. खुराच्या बाजूने मात्र पकडीचा विचार पूर्ण झालेला दिसतो. शेतात आणि मऊ वाटेवर बैल अनवाणी चालत. खडीच्या पक्क्या रस्त्यावर न्यायचे असतील तर त्यांच्या दुभंगलेल्या खुरांना लोखंडी पत्र्या मारल्या जात. म्हणजे कोणत्या जमिनीवर कोणता पृष्ठभाग, ही निवड गाडीवानाला चाकाच्या बाबतीत नव्हे तर बैलाच्या पायाच्या बाबतीत करावी लागत होती, आणि ती तो प्रवासाच्या आधी करत असे.

गुळगुळीत धावेचा दोष पकडीचा नव्हता, रुंदीचा होता. जेमतेम दोन बोटांच्या पट्टीवर सगळे वजन आल्याने ओल्या जमिनीत ती सुरीसारखी उतरे, आणि गाडीमागून गाडी त्याच जागी गेल्याने वाटेवर दोन खोल समांतर चर, म्हणजे चाकोरी, तयार होत. चाकाचा मोठा व्यास हा या दोषावरचा उतारा होता, कारण मोठे चाक खड्ड्याच्या काठावर सौम्य कोनात चढते. चाकोरीचा एक फायदाही होता: तिच्या भिंती चाकाला बाजूला घसरू देत नसत, त्यामुळे तिरक्या उतारावरही गाडी सरळ राहत असे. भर पावसाळ्यात मात्र काळ्या रानातील पाणंदी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटा, जवळजवळ बंद होत, आणि वाफसा येईपर्यंत गाडी अंगणात उभी राही.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये घोडागाडीसाठी मांडली होती, परंतु ती विस्मरणात गेली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने तीच कल्पना सायकलसाठी पुन्हा शोधल्यावर तिचा प्रसार झाला. भारतात डनलॉप कंपनीचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे सुरू झाला आणि जनावरांनी ओढायच्या वाहनांसाठी वेगळे टायर बाजारात आले. देशाच्या अनेक भागांत अशा गाडीला कंपनीच्याच नावाने ओळखू लागले. मराठवाड्यात ‘टायरची गाडी’ किंवा ‘टायरगाडी’ हे नाव रूढ झाले. हा टायर बुटका, जाड आणि बहुतेक करून उथळ नक्षीचा असतो, कारण येथेही चाक ओढलेच जाते. त्याचा लाभ त्याच्या रुंदीत आणि लवचिकपणात आहे: दाबाखाली तो पसरतो, वजन अधिक जागेवर वाटले जाते, रुतणे कमी होते आणि दगडावरून जाताना धक्का रबर व हवा झेलतात. सरकारी नियमांनीही हा फरक मान्य केला आहे. जनावरांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली १९६५ मध्ये झालेल्या नियमांत मोठ्या चणीच्या बैलाच्या दोनचाकी गाडीसाठी हवेचे टायर नसल्यास ९०० किलो, टायर असल्यास १३५० किलो आणि बॉल बेअरिंग असल्यास १८०० किलो अशी भाराची कमाल मर्यादा ठरवलेली आहे. टायरमुळे दीडपट आणि बेअरिंगमुळे दुप्पट, हा हिशेब लक्षणीय आहे. टायरवरील नक्षीचा उल्लेख त्यात नाही, आणि तो नसणे योग्यच आहे.

टायरगाडीचा खरा विस्तार उसाने घडवला. सहकारी साखर कारखाने वाढत गेले तसा धाराशिव, बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्राकडे ऊसतोडणीसाठी जाणाऱ्या मजुरांचा ओघ वाढला, आणि त्यांच्या टोळ्यांचे प्रकार वाहनावरून पडले. स्वतःची गाडी-बैल घेऊन जाणारी टोळी ती ‘गाडी सेंटर’, कारखान्याने दिलेल्या टायरगाडीला स्वतःचे बैल जुंपणारी ती ‘टायर सेंटर’, आणि डोक्यावर मोळी वाहून ट्रक किंवा ट्रॉली भरणारी ती ‘डोकी सेंटर’. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी जास्तीत जास्त टन ओढणे भाग असल्याने टायरगाडीवर दोन-तीन टनांपर्यंत ऊस लादला जाऊ लागला. ज्या सुधारणेने बैलाचा भार हलका व्हायचा, तिने प्रत्यक्षात गाडीवरचे ओझे वाढवले, ही या इतिहासातील सर्वांत दुःखद बाब मानावी लागेल. उतारावर या सुधारणेचे परिणाम अधिक गंभीर होतात. लाकडी चाकाची गाडी घर्षणाने मंदावत असे; टायरगाडी सहज धावते आणि तिचा सगळा रेटा पुढच्या बैलांवर येतो. ब्रेक नसलेल्या मोकळ्या चाकाला नक्षी असली तरी ती अशा वेळी कामी येत नाही, कारण रोखणारी पकडही पुन्हा बैलाच्या खुरांतूनच यावी लागते.

गावातील गाड्यांना नवे टायर क्वचितच मिळाले. ट्रकवरून उतरवलेले, नक्षी पूर्ण झिजून ‘गोटा’ झालेले टायर बाजारातून स्वस्तात येत आणि बैलगाडीच्या चालीला ते कित्येक वर्षे पुरत. हमरस्त्यावर धोकादायक ठरलेला टायर पाणंदीत निर्धोक ठरतो, यात विसंगती नाही. ताशी तीन-चार किलोमीटरच्या वेगात टायर तापत नाही, पावसाच्या पाण्यावर तरंगत नाही आणि त्याला ब्रेकही लावायचा नसतो. उलट ट्रकच्या टायरमधील धाग्यांचे अनेक थर बाभळीच्या काट्यापासून त्याचे रक्षण करतात. ज्यांना नक्षी परत हवी असे ते रिमोल्डिंग, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नव्या रबराचा थर चढवण्याचे काम, करून घेत. या धंद्याला लागणारे रबर भारतात मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्यांत मद्रासची एमआरएफ ही कंपनी अग्रेसर होती. फुगे बनवण्यापासून सुरू झालेल्या या उद्योगाने १९५२ मध्ये ट्रेड रबरच्या उत्पादनात पाऊल टाकले होते. रिमोल्डचा खर्च मात्र ट्रक आणि बस यांच्यासाठीच केला जाई. गाडीसाठी तो करण्याचे कारण कोणालाच दिसले नाही.

लोहाऱ्याच्या शिवारात नक्षीचा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो ट्रॅक्टरबरोबर, कारण तेव्हा प्रथमच ओढण्याचे काम खुरांकडून चाकाकडे गेले. मोटारीच्या टायरवर नक्षी काढण्याची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी, जर्मनीतील कॉन्टिनेंटल कंपनीने १९०४ मध्ये बाजारात आणलेल्या टायरपासून झाली. तोपर्यंतचे टायर गुळगुळीतच होते. ट्रॅक्टर त्यानंतरही अनेक वर्षे पोलादी चाकांवर, त्याला ठोकलेल्या दात्यांच्या आधाराने चालत होता, आणि १९३२ च्या सुमारास अमेरिकेत त्याला हवेचे टायर बसले. मागच्या टायरवरील जाड तिरपे उंचवटे मातीत शिरून दोन उंचवट्यांमधला मातीचा तुकडा पकडतात आणि तो तुकडा तुटत नाही तोवर चाक पुढे रेटा देऊ शकते. म्हणजे पकडीची सीमा रबर ठरवत नाही, मातीचे बळ ठरवते. वाफशात हे बळ पुरेसे असते. ओल वाढली की काळी माती खाचांत गच्च भरते, उंचवटे तिच्याखाली बुडून जातात आणि नक्षीदार चाक प्रत्यक्षात मातीचा गोल लोळा बनून जागच्या जागी फिरते. म्हणूनच या टायरच्या खाचा रुंद आणि कडेला उघड्या ठेवतात, जेणेकरून फिरताना माती बाहेर फेकली जावी. तरीही आषाढातल्या रानात ही योजना अनेकदा हरते, आणि चालकाला टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवावे लागते किंवा बाजूला लोखंडी पिंजरा-चाक जोडावे लागते.

ऊस घेऊन निघालेला एखादा ट्रॅक्टर पाहिला तर निवडीचे सगळे तत्त्व एका वाहनात उलगडते. पुढच्या लहान चाकांवर परिघाच्या दिशेने जाणाऱ्या उभ्या कडा असतात. त्या ओढण्यासाठी नसून वळताना चाक बाजूला घसरू नये यासाठी असतात, म्हणजे पूर्वी चाकोरीची भिंत जे करत होती तेच काम करतात. मागच्या मोठ्या चाकांवर तिरपे उंचवटे असतात, कारण तीच ओढतात. त्यामागच्या ट्रॉलीला पुष्कळदा ट्रकचे झिजलेले टायर असतात, आणि त्यांच्यात आणि जुन्या धावेत तत्त्वतः काही अंतर नाही. मोटारसायकलीतही हीच विभागणी दिसते: प्रवासी मोटारसायकलींच्या पुढच्या टायरवर बराच काळ उभ्या रेषा आणि मागच्यावर तुटक ठोकळे असत.

ट्रायल्सच्या खेळाने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले आणि ते येथे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. हा खेळ जुना आहे: स्कॉटलंडमधील सहा दिवसांची स्पर्धा १९०९ पासूनची आणि यॉर्कशरमधील स्कॉट ट्रायल १९१४ पासूनची. या खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी टायरवरील ठोकळ्यांची खोली १३ मिलिमीटरच्या आत ठेवली आणि त्यांच्यामधील अंतरावरही मर्यादा घातली, कारण खोल दात्यांच्या टायरने जमीन उकरली जाते आणि मागून येणाऱ्यासाठी मार्गच बदलतो. नक्षी वाढवण्याचा मार्ग बंद झाल्यावर स्पर्धकांनी मऊ रबर आणि अत्यंत कमी हवा यांचा आश्रय घेतला. मागच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला चार-पाच पौंड एवढाच दाब ठेवला जातो, त्यामुळे टायर खडकाच्या आकाराप्रमाणे वाकतो आणि अधिक ठोकळे एकाच वेळी टेकतात. पूर्ण गुळगुळीत टायर, जो १९७१ च्या सुमारास फॉर्म्युला वनच्या शर्यतींत रूढ झाला, तो कोरड्या डांबरावर सर्वाधिक रबर टेकवतो म्हणून श्रेष्ठ ठरतो. पण पाण्याचा किंवा चिखलाचा पातळ थर मध्ये आला की तो थर भेदायला त्याच्याकडे काहीच उरत नाही. लोहाऱ्याच्या परिसरात उघडा, कोरडा बेसाल्ट आणि त्याच्याच खालच्या अंगाला चिकट काळी माती असल्याने, येथे कोणताही एक टायर वर्षभर योग्य ठरू शकत नाही. कोरड्या खडकावर मऊ रबराचे दाट, उथळ ठोकळे आणि कमी हवा उपयोगी पडते. ओल्या काळ्या रानात दाट ठोकळे तत्काळ भरून जातात, म्हणून तेथे विरळ ठोकळे लागतात, आणि माती पुरती भिजली असेल तर वाफशाची वाट पाहावी लागते.

गेल्या अर्धशतकात या निवडीचे पारडे रस्त्यांनी फिरवले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो हातांनी खडी फोडली आणि रस्ते बांधले. रोजगार हमी योजनेने ते काम पुढे चालवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने किल्लारी आणि लोहारा परिसरातील सास्तूर यांसह अनेक गावे उद्ध्वस्त केली, आणि पुनर्वसनात नव्या गावठाणांना रुंद, आखीव रस्ते मिळाले. २००० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाल्यावर डांबर आणखी आत पोहोचले. खडी आणि डांबर यांवर लोखंडी धाव रस्त्याला घातक ठरते, हा मुद्दा बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा आग्रह धरताना १९७० च्या दशकापासून सातत्याने मांडला होता. रस्ता पक्का झाला तशी धाव मागे पडली, धावेबरोबर ती चढवणाऱ्या घिसाड्यांचे हंगामी काम आटले, आणि पुढे ट्रॉलीने टायरगाडीलाही बाजूला सारले. पाणंदींचे मुरमीकरण मात्र अजून बऱ्याच ठिकाणी अपुरे आहे, आणि शेतापासून डांबरापर्यंतच्या त्या शेवटच्या पट्ट्यात पावसाळ्यात आजही ट्रॅक्टर अडकतो. अशा वेळी तो बाहेर काढायला कधी दुसरा ट्रॅक्टर येतो, तर कधी बैलांची जोडी जुंपली जाते.